उलटें भिंग

सूक्ष्म वस्तूंचें छायाचित्रण हें धनिकांचें काम आहे, असा एक समज विद्यार्थिवर्गांत रूढ झालेला दिसतो. मुंगीचें मुख, फुलपाखराच्या पंखावरील खवले किंवा मिठाचा कण मोठा करून दाखविणारीं खास भिंगें बाजारांत मिळतात खरीं. परंतु त्यांच्या किंमती ऐकूनच पुष्कळ मुलें तो नाद सोडून देतात. आमचें मत निराळें आहे. शिकणाऱ्यास हवें असलेलें भिंग कित्येक घरांत कपाटाच्या खणांत धूळ खात पडलेलें असतें. तें फक्त उलटें बसविलें पाहिजे. किंबहुना शिकणाऱ्यास महागड्या भिंगापेक्षां हेंच अधिक हिताचें, असें आम्ही म्हणतों.

यांतील शास्त्र कठीण नाहीं. नेहमींच्या कामांत वस्तु दूर असते व तिची प्रतिमा भिंगामागें अगदीं जवळ पडते. म्हणून भिंगाची पुढची बाजू दूरच्या अंतरासाठीं व मागची जवळच्या अंतरासाठीं घडविलेली असते. प्रतिमा वस्तूहून मोठी हवी असेल तर हीं अंतरें जागा बदलतात. तेव्हां भिंगही फिरवावें, हें ओघानेंच आलें. रिळाच्या कॅमेऱ्यांच्या काळांत बहुधा कॅमेऱ्याबरोबर ५० मिलिमीटरचें साधें भिंग येत असे. तें उलटें लावलें म्हणजे प्रतिमा जवळजवळ वस्तूएवढीच पडते. २८ मिलिमीटरचें लावलें तर सुमारें दुप्पट. आंकडा लहान तितकी प्रतिमा मोठी, हें प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटतें खरें! जोडण्यासाठीं एक धातूचें कडें लागतें. त्याची एक बाजू भिंगाच्या तोंडावरील आट्यांत बसते, दुसरी कॅमेऱ्यास अडकते. तें दोन-चारशें रुपयांत मिळूं शकतें. भिंग काढतां येणारा कॅमेरा मात्र हवा, आणि तो घरोघर नसतो. यासाठीं शाळांनींच एखादा वापरलेला कॅमेरा विकत घेऊन तो सर्व मुलांच्या हातीं द्यावा, असें आम्हांस वाटतें. कपाटाला कुलूप लावून ठेवलेल्या नव्या कॅमेऱ्याहून त्याचा उपयोग अधिक होईल.

आतां अडचणी सांगावयास हव्यात. उलट्या भिंगाचा कॅमेऱ्याशीं असलेला संबंध तुटतो व आपोआप असें कांहींच होत नाहीं. म्हणून ज्याच्या अंगावरच छिद्र लहानमोठें करण्याचें कडें आहे, असें जुनें भिंग घ्यावें. नव्या पुष्कळ भिंगांस तें नसतें. प्रतिमा स्पष्ट करण्यासाठीं सगळा कॅमेराच केसाएवढा पुढेंमागें सरकवावा लागतो. प्रतिमा वस्तूएवढी असतां छिद्राचा आंकडा ८ ठेवला तरी स्पष्टतेची खोली सुमारें १ मिलिमीटरच भरते. मुंगीचा डोळा स्पष्ट झाला कीं तिचे मागचे पाय धूसर! छिद्र फारच बारीक करावें तर प्रकाश पसरून सर्वच चित्र मऊ पडतें. त्यांत पुन्हां नेहमींच्या मानानें चौथा हिस्साच प्रकाश कॅमेऱ्यांत पोंचतो. त्याला उपाय म्हणजे सकाळचें ऊन व शेजारीं धरलेला पांढरा कागद. भिंगाची नाजूक मागील बाजू उघडी राहते, तिला धुळीपासून जपावें लागतें. हें सारें कटकटीचें आहे खरें. परंतु प्रकाश, छिद्र व अंतर यांचें नातें पुस्तकांतील आकृतीवरून जितकें कळत नाहीं तितकें या कटकटींतून एका दुपारीं कळतें. ज्यांस ग्रंथासाठीं शेंकडों चित्रें काढावयाचीं असतील त्यांनीं खुशाल महागडें भिंग घ्यावें. त्यांची गरज वेगळी.

आज कित्येक मोबाइल फोनांतही जवळून चित्र घेण्याची सोय आहे, मग ही खटपट कशाला, असें कोणी विचारील. फोन चित्र देतो, पण तें कसें झालें याचा पत्ता मुलास बहुधा लागत नाहीं. तथापि फोनाचा आम्हांस तिटकारा नाहीं. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं फोनाच्याच कॅमेऱ्याचें एक इवलेसें भिंग दुसऱ्या फोनाच्या भिंगापुढें उलटें बसविलें, व त्यांतून रक्तांतील पेशी आणि जंतांचीं अंडीं दाखविलीं. युक्ति तीच. सतराव्या शतकांत हॉलंडांतील डेल्फ्ट येथें लेव्हेनहूक नांवाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याचें विद्यापीठांत शिक्षण झालेलें नव्हतें. तरी स्वतः तयार केलेल्या चिमुकल्या भिंगांतून त्यानें पाण्यांतील सूक्ष्म जीव पाहिले व लंडनच्या रॉयल सोसायटीस आपल्या डच भाषेंतच पत्रें लिहून कळविले.

चित्रें घेण्यासाठीं किडे मारूं नयेत, टांचणीनें टोंचूंही नयेत. पहांटेच्या गारव्यांत ते स्वस्थ बसलेले असतात, तेवढी वाट पाहावी. ज्यांस तेंही नको त्यांनीं तांदळांतील मेलेला सोंडा, साखरेचा दाणा, वर्तमानपत्रांतील चित्राचे ठिपके घ्यावे. ठिपक्यांपासून चेहरा कसा होतो हें पाहून पुष्कळांस नवल वाटेल. स्पर्धेंत बक्षिस मिळविणाऱ्या सुंदर चित्रापेक्षां एखाद्या प्रश्नाचें उत्तर देणारें साधें चित्र आम्ही श्रेष्ठ मानूं. उदाहरणार्थ, पहिल्या पावसानंतर मखमली तांबडा मृगाचा किडा जमिनीवर हिंडूं लागतो. त्याचें चित्र घेऊन पाय मोजावे. ते आठ भरतील. मग त्याला किडा म्हणावें कीं कोळ्याचा भाऊबंद, हा वाद वर्गांत खुशाल होऊं द्यावा.