हानीची खतावणी

व्यापारी घराण्यात रोजमेळावरून खतावणी होते. तीत नफ्याइतकीच नुकसानीची नोंदही चोख असावी लागते; कारण पुढील खरेदीचा अंदाज तिच्यावरूनच बांधला जातो. देशावरील आपत्तींचा हिशेबही याच न्यायाने ठेवावा लागतो.

मराठवाड्यात अतिवृष्टी वा गारपीट झाली की तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक पंचनामे करतात. ती माहिती तालुका व जिल्हा पातळीवरून छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्त कार्यालयात एकत्र होते. मात्र तिचा उपयोग मदतवाटपापुरताच मानला, तर निम्मे मोल वाया जाते. कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, कशाची हानी वारंवार होते, हे वर्षानुवर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच उमगते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सुमारे दहा हजार जीव घेतले. तो प्रदेश तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जाई. मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली असंख्य माणसे झोपेतच गाडली गेली. ही हानी पाहून नकाशाचा फेरविचार झाला आणि २००२ मध्ये तो पट्टाच वगळण्यात आला. हा धडा फार महाग पडला.

प्रत्येक पेढीनेही एवढे करावे : गोदामात पाणी कोणत्या तारखेस, किती उंच चढले, कोणता माल भिजला आणि विम्यातून किती भरपाई मिळाली, हे वहीत लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला माल कोणत्या फळीवर रचावा, हे तीच वही सांगेल.