घरापासून घरापर्यंत

आमचे मांडवगण फराटा हे भीमेकाठचे गाव. आषाढीच्या आधी नदीपलीकडच्या दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडच्या वाटेने तुकोबांची पालखी जाते, तेव्हा आमच्याकडची माणसे तिकडे जाऊन तिला मिळतात. पंढरपूरला पोचून दर्शन झाले की पालखी आपल्या रिवाजाप्रमाणे पायी परत फिरते, पण बहुतेक वारकरी एस.टी. धरतात आणि थेट घरी येतात. 'वारी वरवंडपासून धरली होती, तेव्हा आधी वरवंडला जाऊ आणि मग घरी' असे कोणी म्हणत नाही. कंडक्टरही विचारत नाही की, बाबा, तू आलास कुठून? पंढरपूर ते आपले गाव एवढ्याच अंतराचे तो पैसे घेतो. जाताना एक वाट, येताना दुसरी, आणि दोन्हींचा हिशेब सरळ. ही गोष्ट आपल्याकडे इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यात काही शहाणपण आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही.

ते ध्यानात येते समुद्रावरच्या सहलीला निघाल्यावर. अलीकडे आपल्या मध्यमवर्गात क्रूझचे वेड चांगलेच रुजले आहे. मुंबईहून जहाजात बसून गोव्याला उतरणारे पुष्कळ आहेत. वाराणसीहून दिब्रुगढपर्यंत ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर जाणारे 'गंगाविलास' १३ जानेवारी २०२३ रोजी निघाले, तेव्हा त्याची छायाचित्रे घरोघरी पाहिली गेली. परदेशात बार्सिलोनाला चढा, अथेन्सला उतरा, अशा सफरी तर कितीतरी. यांतल्या पुष्कळ सफरींत चढायचे शहर एक आणि उतरायचे दुसरे. जहाजाचे भाडे जाहिरातीत ठळक छापलेले असते. आपण घरून त्या जहाजापर्यंत आणि जहाजावरून घरापर्यंत कसे जायचे, हे मात्र तळाशी बारीक अक्षरात: 'विमानभाडे वेगळे'.

मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली. 'नऊ टक्के फ्लॅट' म्हणून दिलेले तीन वर्षांचे कर्ज खरोखर सोळा टक्क्यांच्या पुढे पडते, हे कर्जदाराला समजावून सांगण्यात माझी कितीतरी दुपार गेलेली आहे. नऊ हा आकडा खोटा नसतो. तो फक्त अर्धा असतो. क्रूझचे भाडेही तसेच आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या लेक-जावयाने भूमध्य समुद्रातली सहल भेट दिली. बार्सिलोना ते अथेन्स. लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून. गुरुजी मानी. म्हणाले, "साहेब, जहाज पोरांनी दिलंय, विमान तरी आपलं असू द्या." त्यासाठी एक मुदतठेव मोडायची होती, आणि ती मोडण्यापूर्वी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. शिरूरच्या ओळखीतल्या कोणी त्यांना दोन एकेरी तिकिटांचा भाव काढून दिला होता. तो पाहून बाई म्हणाल्या, "एवढे पैसे घालवून समुद्र बघण्यापेक्षा उजनीचं पाणी काय वाईट आहे?" चेष्टेत म्हणाल्या, पण बेत रद्द करण्याची त्यांची तयारी झाली होती.

इथे विमानाच्या धंद्यातली एक खोच समजून घ्यायला हवी. देशातल्या देशात आपल्या स्वस्त विमान कंपन्या प्रत्येक फेरी स्वतंत्र विकतात, एस.टी.सारखी. तिथे जाणे एका गावी आणि येणे दुसऱ्या गावाहून केले तरी काही बिघडत नाही. लांबच्या परदेशी प्रवासाला मात्र बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे एकेरी भाडे परतीच्या भाड्याच्या निम्मे नसते, पुष्कळ जास्त असते. म्हणून दोन एकेरी तिकिटे घेणारा दोनदा दंड भरतो. त्यावर तोडही त्या कंपन्यांनीच ठेवलेली आहे. एकाच तिकिटावर जाणे बार्सिलोनाला आणि येणे अथेन्सहून असे मागता येते. धंद्याच्या भाषेत याला 'ओपन जॉ', म्हणजे उघडा जबडा म्हणतात. संगणकावर ते 'मल्टी-सिटी' या नावाखाली सापडते. त्याचे भाडे साधारणपणे दोन्ही शहरांच्या परतीच्या भाड्यांचे निम्मे-निम्मे मिळून होते.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा, बार्सिलोनाचे परतीचे तिकीट ६०,००० रुपये आणि अथेन्सचे ५६,०००. मग जबडा-तिकीट ५८,०००च्या आसपास यावे. हेच दोन एकेरी घेतले आणि ती ४२,००० व ३८,००० पडली, तर ८०,००० झाले. तिसरी वाट पुष्कळांना सुचते: बार्सिलोनाचे परतीचे घ्यायचे आणि जहाज सुटल्यावर अथेन्सहून बार्सिलोनाला वेगळ्या स्वस्त विमानाने परतायचे. ६०,०००त त्या विमानाचे १२,०००, सामानाचे ४,०००, एका मुक्कामाचे ५,००० मिळवा. ८१,००० झाले, आणि एक दिवस गेला तो निराळाच. नवराबायकोचा मिळून चाळीस-पंचेचाळीस हजारांचा फरक. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात ही रक्कम लहान नव्हे.

पण पैशापेक्षा मला जोखमीचे महत्त्व अधिक वाटते. एका तिकिटावरचे पहिले विमान उशिरा पोचून दुसरे चुकले, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळ्या तिकिटांत ती तुमची. स्वस्त तिकीट म्हणजे सर्वांत कमी आकड्याचे तिकीट नव्हे. बिघडले तर नुकसान कोणाच्या खात्यावर पडणार, हे पाहून ठरते ते स्वस्त. जहाज तर कोणासाठी थांबत नाही. म्हणून चढायच्या शहरात एक दिवस आधी पोचावे. त्या एका रात्रीचे पैसे मी खर्चात धरत नाही, विम्याच्या हप्त्यात धरतो. काही जहाज कंपन्या विमानाची तिकिटेही काढून देतात. ती थोडी महाग असली, तरी विमान चुकल्यास त्या काय करणार हे लेखी वाचून मगच नाही म्हणावे. आणि परतीच्या तिकिटातला पहिला टप्पा मनाने गाळू नये. तो गाळला की पुढचे सगळे टप्पे सहसा आपोआप रद्द होतात.

गुरुजींचा एक प्रश्न अनेकांच्या मनात असतो: "ज्या देशातून आत शिरलो, त्याच देशातून बाहेर पडावं लागतं का?" तसे नाही. स्पेन, इटली, ग्रीस हे सगळे शेंगेन व्हिसात येतात. एका दाराने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडता येते. मात्र जहाज मध्येच तुर्कस्तानच्या बंदराला लागून पुन्हा ग्रीसला येत असेल, तर आपण त्या प्रदेशातून बाहेर पडून पुन्हा आत शिरतो. तेव्हा अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा, आणि तुर्कस्तानचे नियम वेगळे पाहायला हवेत.

आणखी एक गोष्ट बंदराची. जाहिरातीतले शहर आणि खरे बंदर एकच असेल असे नाही. रोमचे जहाज चिवितावेकियाला लागते, रोमपासून सत्तरएक किलोमीटरवर. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून मोठी जहाजे नेण्यास १ ऑगस्ट २०२१पासून बंदी आली. तेव्हापासून व्हेनिसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही सफरी दीडशेएक किलोमीटरवरच्या त्रिएस्ते किंवा रावेन्ना बंदरातून निघतात. आपल्या गोव्याचेच पाहा. जहाज मुरगावला लागते. तिथून दाबोळी विमानतळ हाकेच्या अंतरावर, तर जानेवारी २०२३मध्ये सुरू झालेला मोपा पार उत्तरेला पेडणे तालुक्यात. मोपाचे तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त म्हणून घेणारा टॅक्सीत त्याच्या कितीतरी पट घालवतो.

यात आमच्यासारख्या गावच्या माणसाचा एक फायदाही आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. जहाज मुंबईहून सुटले म्हणून परत मुंबईलाच यायला हवे असे नाही. जाताना दौंडहून आगगाडीने मुंबई गाठावी, येताना गोव्याहून थेट पुण्याच्या लोहगावला उतरावे. तिथून मांडवगण किती जवळ! आपला प्रवास जहाजाच्या धक्क्यापासून सुरू होत नाही, आपल्या उंबऱ्यापासून होतो. कादंबरी लिहिताना मला नेहमी जाणवते की पात्राला घराबाहेर काढणे सोपे, त्याला नीट घरी आणणे अवघड. सहलींचा धंदाही माणसाला घराबाहेर काढण्यात पटाईत आहे.

माझे म्हणणे एवढेच की, हे गणित ग्राहकाने एकट्याने सोडवावे अशी अपेक्षा चुकीची आहे. बँकांना कर्जाचा खरा वार्षिक दर सांगणे रिझर्व्ह बँकेने भाग पाडले. आपण होऊन कोणी सांगत नव्हते. सहल विकणाऱ्यांनीही चढायचे आणि उतरायचे शहर वेगळे असेल तेव्हा घरापासून घरापर्यंतचा अंदाजी आकडा पहिल्या पानावर छापावा. तोवर परदेशातल्या मुलामुलींनी आईवडिलांना जहाजाची खोली भेट देताना परतीच्या वाटेचा कागदही सोबत द्यावा. वडीलमंडळी पैसे नाहीत म्हणून जेवढी घरी राहतात, त्याहून अधिक वाट कळत नाही म्हणून राहतात, आणि 'आता आमचे वय झाले' असे सांगून मोकळी होतात.

गुरुजींची मुदतठेव मोडली, पण अर्धीच. उरलेली पुन्हा ठेवायला मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. व्याजाचा दर पूर्वीपेक्षा कमी मिळाला. त्याबद्दल बाईंनी सुनावले ते मला, समुद्राला नव्हे.