आगबोटींची तसबीर आणि बंदराची वही

ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहराची जी आठ छायाचित्रे चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर या दोघांनी १८४८ साली पैलतीरावरील न्यूपोर्टहून, कॅमेरा क्रमाक्रमाने वळवीत घेतली, आणि जी आज त्याच शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात जतन केलेली आहेत, त्यांची कीर्ती मोठी आहे आणि ती यथार्थही आहे. रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनच्या योगाने प्रकाशग्राही थर चढवावयाचा आणि पाऱ्याच्या वाफेने चित्र प्रकट करावयाचे, ही फ्रेंच संशोधक डागेर याची रीत या छायाचित्रांत वापरली होती. तीत पत्रा किंचित कलता धरला की चित्र मावळून पाहणाराचेच तोंड दिसू लागते, आणि नकला काढण्यास उलटी काच नसल्यामुळे हाती असलेला पत्रा हाच एकमेव.

या पत्र्यांवर सुमारे दोन मैलांचा काठ उमटला आहे: पाण्यापर्यंत उतरत गेलेला धक्का, त्याला लगटून ओळीने उभ्या असलेल्या आगबोटी, त्यांची उंच धुराडी, आणि मागे टेकडीकडे चढत गेलेली घरे. चालू शतकात पत्र्यांच्या डागडुजीच्या निमित्ताने त्यांवर सूक्ष्मदर्शक लावण्यात आला, तेव्हा उघड्या डोळ्यांना ठिपक्याहून अधिक न भासणारी मनोऱ्यावरील घड्याळाची तबकडी वाचता आली. दुपारचे दोन वाजावयास पाच मिनिटे होती.

बहुतेकांचे कौतुक या घड्याळापाशी येऊन थांबते. माझी तक्रार तेथूनच सुरू होते. घड्याळाने वेळ सांगितली, तारीख नव्हे. ती सांगितली आगबोटींनी, आणि त्याही आपण होऊन बोलल्या नाहीत. चित्रात ओळखू आलेल्या बोटी एकाच दिवशी धक्क्यावर कधी हजर होत्या, याचा मेळ त्या काळच्या जलवाहतुकीच्या नोंदींशी, म्हणजे आवकजावकीच्या ज्या रुक्ष रकान्यांकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही त्यांच्याशी, घालण्यात आला, तेव्हा कोठे २४ सप्टेंबर १८४८, रविवार, हा दिवस कायम झाला.

शिवाय तसबिरीला न दिसणारे पुष्कळ असते. कॅमेरा उभा होता ती केंटकीची भूमी गुलामगिरी मान्य करणारी, आणि भिंग रोखले होते तो ओहायोचा काठ तिला मनाई करणारा. फरारी गुलामांना आश्रय देणारा लिव्हाय कॉफिन आदल्याच वर्षी या शहरात राहावयास आला होता, आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध कादंबरी लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो या बाई तेथेच नांदत होत्या. चित्रात मात्र नदी ही नुसती नदी आहे. तिच्या पाण्यावरून गेलेली कायद्याची सरहद्द पाहावयाची तर दप्तरच उघडावे लागते.

असे असता तसबिरीसाठी काचेचे कपाट, आणि तिच्याच पिढीतली बंदराची वही, केवळ देखणी नाही एवढ्या अपराधाखातर, वाळवीच्या हवाली, हा पक्षपात मला मुळीच मान्य नाही. छायाचित्रे जपणाऱ्या संस्थांनी त्यांच्याशेजारी हजेरीपटांना आणि खतावण्यांनाही तितक्याच इतमामाने जागा द्यावी.

नोंद नसली म्हणजे नुसती तसबीर किती तोकडी पडते, याचा एक दाखला देतो. याच सिनसिनाटीत १८६३ साली बांधलेल्या 'सुलताना' या आगबोटीचे, यादवी युद्धातून सुटलेले कैदी घेऊन ती चालली असता, २६ एप्रिल १८६५ रोजी आर्कान्साच्या हेलेना गावी छायाचित्र घेण्यात आले. ३७६ उतारूंचा परवाना असलेल्या त्या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे कोंबली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वी मेम्फिसच्या वरच्या अंगास तिचे बाष्पपात्र फुटले आणि हजाराहून अधिक जीव गेले. नेमके किती, याचा वाद अद्याप मिटलेला नाही, कारण बोटीवर चढताना त्यांची चोख मोजदाद झालीच नव्हती. कठड्यांना दाटून उभी असलेली ती माणसे तसबिरीत आजही दिसतात. त्यांच्याशी पडताळून पाहावी अशी बिनचूक यादी तेवढी नाही.