सरकारचीच टाळेबंदी

गिरणीमालकाने टाळे लावलेले आपण पाहिले आहे. सरकारने स्वतःच्याच कचेऱ्यांना टाळे लावायचे, हा प्रकार अमेरिकेतला. तेथे राष्ट्राध्यक्ष ठरलेली ४ वर्षे बसतो आणि खजिन्याची किल्ली संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे असते. काँग्रेस विरोधकांच्या हाती गेली की खर्चाचे विधेयक अडते. आपल्याकडे लोकसभेने अर्थसंकल्प फेटाळला तर मंत्रिमंडळ घरी जाते. तेथे कर्मचारी घरी जातो.

१९९५ च्या अखेरीस क्लिंटन आणि रिपब्लिकन काँग्रेस यांच्या वादात एकदा ५ आणि एकदा २१ दिवस कामकाज बंद पडले. नंतरचा एक प्रसंग त्याहून मोठा. मेक्सिकोच्या सरहद्दीवर भिंत बांधायला ट्रम्प यांना ५७० कोटी डॉलर हवे होते. २२ डिसेंबर २०१८ ला कामकाज थांबले, ३ जानेवारीला प्रतिनिधिगृह विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले आणि दोन्ही बाजू अडून बसल्या. ३५ दिवस! सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचा पगार थांबला. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना 'अत्यावश्यक' म्हणून बिनपगारी राबवले. (टपाल खाते मात्र चालू राहिले, कारण ते स्वतःच्या उत्पन्नावर चालते. टपालबंधूंनी नोंद घ्यावी.)

अत्यावश्यक! हा शब्द रेल्वे कामगाराला कोणी शिकवायला नको. १९७४ च्या २० दिवसांच्या संपात आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याची किंमत मोजली आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरांना संपाची कायद्यानेच बंदी. १९८१ मध्ये रेगन यांनी संपावरच्या ११ हजारांहून अधिक विमान वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले होते. म्हणजे पगार नाही आणि संपही नाही. आम्ही याला वेठबिगारी म्हणतो.

ही कोंडी फुटली कशी? २५ जानेवारी २०१९ ला काही नियंत्रक आजारपणाच्या रजेवर राहिले, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने रोखावी लागली, आणि त्याच दिवशी ट्रम्प भिंतीच्या पैशांविना सरकार उघडायला तयार झाले. संघटनेने संपाची हाक दिलेली नव्हती. कारणे आणखीही असतील, पण दिवस तोच होता.

कायम नोकरांना थकलेला पगार मिळाला, तसा कायदाच झाला. सफाई, पहारा, कँटीन येथल्या ठेक्याच्या कामगारांना त्या कायद्यात धरले नाही. वाचून आम्हाला आमच्याच यार्डातले सफाईवाले आठवले. त्यांना सभासद करून घेण्याचा ठराव आमच्या शाखेत दोनदा पुढे ढकलला गेला. दोन्ही सभांना आम्ही हजर होतो.