डोळ्याची खोबण

गेल्या चैत्रांत गोंदियास आमच्या मावसबहिणीच्या घरीं आम्ही चार दिवस राहिलों होतों. घरची भाताची गिरणी आहे. तेथें पोतीं उचलणारा एक मनुष्य मागच्या दारीं पाणी मागावयास येई, आणि तो आला कीं घरांतलीं लहान मुलें आईच्या पदराआड दडत. पुष्कळ वर्षांपूर्वीं मोहाचीं फुलें वेंचीत असतां त्याच्या तोंडावर अस्वलानें पंजा मारला होता. उजवा डोळा तर गेलाच, पण त्याभोंवतालचें हाडहि चेपून तेथें नुसता खळगा राहिला होता. एके दिवशीं त्यानें आम्हांस विचारलें, "डोळा परत येणार नाहीं हें मला ठाऊक आहे, पण हा खड्डा भरतां येतो काय?" त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

नवेगांव-नागझिऱ्याच्या रानालगतच्या लोकांस हें संकट नवें नाहीं. मोहाचें फूल पहांटेस गळतें. माणूस तें ओणवा होऊन वेंचतो, आणि त्याच फुलावर अस्वलाचीहि दृष्टि असते. तें बहुधा डोकें व तोंड यांवरच झडप घालतें. शहरांतल्या घरांसहि हा विषय आतां परका राहिलेला नाहीं. २०२१ सालीं करोनाच्या मागोमाग आलेल्या काळ्या बुरशीच्या रोगांत महाराष्ट्रांतील कित्येकांचे डोळे व जबड्याचीं हाडें काढावीं लागलीं.

डोळ्याची खोबण सात हाडांच्या सांध्यांनीं बनलेली आहे. तींत सुमारें ३० घनसेंटिमीटर जागा असते. पैकीं जेमतेम ७ नेत्रगोल व्यापतो, बाकीची चरबी, स्नायु व शिरा यांची. बाहेरची कड चांगली जाड, पण नाकाकडची भिंत इतकी पातळ कीं शरीरशास्त्रज्ञांनीं तिला 'कागदी पत्रा' असेंच नांव दिलें आहे. डोळ्याखालची जमीनहि तशीच नाजुक. ती फुटली म्हणजे आंतली चरबी गालाच्या पोकळींत उतरते व डोळा मागें सरकतो. तो अवघा २ मिलिमीटर आंत गेला तरी पाहणाराच्या लक्षांत येतें. शिवाय एका वस्तूच्या दोन दिसूं लागतात, हा त्रास वेगळाच.

असली वेडीवांकडी वाटी पुन्हां घडवावयाची तर माप कोठून आणावें? उत्तर मोठें चमत्कारिक आहे. तें माप रोग्याच्याच दुसऱ्या बाजूस असतें. प्रथम सी. टी. स्कॅन यंत्रानें कवटीचे मिलिमीटरभर किंवा त्याहूनहि पातळ असे छेद चित्रांत उतरवितात. (हें यंत्र हाउन्सफील्ड यांचें; पहिल्या रोग्यावर तें लंडनमध्यें १९७१ सालीं चाललें.) संगणक ते छेद जुळवून कवटी पडद्यावर उभी करतो. मग धडक्या बाजूची खोबण आरशांतल्याप्रमाणें उलटवून मोडक्या बाजूवर बसवितात. दोहोंत जें अंतर पडेल तेवढाच तुकडा करावयाचा असतो. टायटेनियमची भुकटी लेसर-किरणांनीं थरावर थर वितळवून तो बनवितां येतो, किंवा खोबणीचा प्लॅस्टिकचा नमुना छापून त्यावर टायटेनियमची तयार जाळी वांकवून घेतां येते. दुसरी रीत पुष्कळ स्वस्त पडते, आणि साध्या दुखापतीस तेवढी पुरते.

हें वाचून आम्हांस पुण्याचीच आठवण झाली. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें एक पत्र आलें होतें. टिपूच्या लोकांनीं नाक कापलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानास पुण्याजवळच्या एका वीटकऱ्यानें नवें नाक करून दिलें, त्याची ती हकीकत. त्या कारागिरानें मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेविला, भोंवतीं रेघ ओढली, आणि तेवढेंच कातडें सोडवून खालीं वळविलें. लंडनच्या कार्प्यूनें हा प्रयोग केला तो १८१४ सालीं. आधीं माप, मग शस्त्र, हा क्रम त्या वीटकऱ्यास ठाऊक होता. पोथ्या आमच्या घरीं राहिल्या आणि हात त्यांचा चालला, हें येथें कबूल केलेलें बरें.

मात्र संगणकाचें कौतुक बेतानेंच करावें. चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात; आणि दोन्ही बाजू मोडल्या असतील तर उसनें माप घ्यावयास जागाच उरत नाहीं, तेव्हां इतरांच्या कवट्यांच्या सरासरीवर भागवावें लागतें. खास घडविलेल्या तुकड्यास दिवस लागतात व पैसाहि लागतो. आणि हाड बसलें म्हणून गेलेली दृष्टि येत नाहीं.

एक गोष्ट मुलांच्या घरांकरितां सांगावयाची राहिली. लहान मुलाचें हाड ओल्या काठीसारखें असतें. चेंडू लागला तर तें चिरतें व पुन्हां मिटतें, आणि त्या फटींत डोळ्याचा स्नायु सांपडतो. वरून डोळा पांढरा स्वच्छ दिसतो. मुलाला वर पाहतां येत नाहीं, तें ओकतें, नाडी मंद होते, आणि आजी पित्त म्हणून आल्याचा रस देते. मोठ्या माणसांत सूज उतरेपर्यंत कांहीं दिवस थांबतां येतें. येथें एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. डोळ्यास मार लागल्यावर कोणीहि नाक जोरानें शिंकरूं नये, हवा खोबणींत शिरते.

मावसबहिणीस आम्हीं लिहिलें आहे कीं, त्या मनुष्याची डावी बाजू शाबूत आहे, म्हणजे माप आहे. जुना व्रण आंत आंवळलेला असतो, त्यामुळें काम कठीण, पण अशक्य नव्हे. आधीं हाड, मग आंतलें अस्तर, शेवटीं कृत्रिम डोळा, असे टप्पे पडतील. गोंदियास २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी तेथें करावी, पुढें लागलेंच तर नागपूर. तिचें उत्तर परवां आलें. त्यानें एवढेंच विचारलें कीं किती दिवसांची मजुरी बुडेल. तो हिशेब सध्यां ती व तिचे सासरे करीत आहेत.