मध्यंतराचा चहा कुणाच्या वाट्याला?

नाटक बघून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, नाटक कसं होतं? आणि दुसरा, वडा खाल्लात का? मराठी माणसाचं नाटकवेड जगजाहीर आहे, पण त्या वेडाला बटाटेवड्याचा खमंग वास चिकटलेला आहे हेही तितकंच खरं. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ सालचं. तिथे गाजलेल्या नाटकांची यादी मोठी, तशीच तिथल्या बटाटेवड्याची कीर्तीही मोठी. दुसरी घंटा झाली तरी हातातला वडा संपवत उभी असलेली मंडळी हा तर आपल्या नाट्यगृहांचा कायमचा देखावा.

मैत्रिणींनो, आज या वड्याबद्दलच बोलायचं आहे. हसू नका. हा विषय जिभेच्या चोचल्यांचा नाही. नाट्यगृहात, कलादालनात, सांस्कृतिक भवनात खाण्यापिण्याची जागा कशी आहे, यावरून तिथे बाईचं स्वागत आहे की नाही हे चटकन कळतं. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, खरं काय ते कॅन्टीन सांगतं!

जरा हिशेब मांडून बघू. समजा नाट्यगृह आठशे खुर्च्यांचं आहे आणि प्रेक्षकांत निम्म्या बायका आहेत, म्हणजे चारशे. मध्यंतर १५ मिनिटांचं. बायकांच्या बाजूला स्वच्छतागृहं पाच. प्रत्येकीला दीड मिनिट लागलं असं धरलं, तर १५ मिनिटांत फार तर पन्नासजणींचा नंबर लागतो. उरलेल्या साडेतीनशेजणींनी काय करायचं? एकतर रांगेत उभं राहायचं आणि तिसऱ्या घंटेला तसंच परत फिरायचं, नाहीतर जागेवरून उठायचंच नाही. तिकडे चहाच्या खिडकीवरही हीच तऱ्हा. दोन हात, एक किटली, आणि समोर दहा दहा रुपयांच्या नोटा नाचवणारी पुरुषांची गर्दी. त्या गर्दीत कोपर खुपसून पुढे जायची आपल्याला सवय नाही. तशी ती कुणी लावलेलीही नाही.

मग होतं काय, की आपण बायका एक सोपी युक्ती काढतो. दुपारपासून पाणीच प्यायचं नाही! नाटकाला जायचंय ना, मग चार वाजल्यानंतर घोटभरसुद्धा नको. आपल्यापैकी कितीजणी हे करतात हे वेगळं सांगायला नको. ज्या नाटकात बाईच्या घुसमटीबद्दल टाळ्याखाऊ संवाद असतो, तो संवाद ऐकत आपण कोरड्या घशाने बसलेल्या असतो. काय म्हणावं याला?

एका जिल्ह्याच्या गावी दौऱ्यावर आलेलं नाटक आम्ही चौघीजणी बघायला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण अशी गावं एक नाही, पन्नास असतील. नाट्यगृह चांगलं प्रशस्त, बाहेर कोनशिला, आत उद्घाटनाचे फोटो. कॅन्टीनला मात्र कुलूप. ‘ठेकेदार सोडून गेला,’ असं दारावरच्या माणसाने सांगितलं. चहा हवा तर फाटकाबाहेरच्या टपरीवर जायचं. रात्रीचे दहा वाजलेले, टपरीभोवती सिगरेटी ओढणारे घोळके. आमच्यातली एक म्हणाली, “जाऊ दे ना गं, घरी जाऊन पिऊ.”

‘घरी जाऊन पिऊ.’ हे वाक्य आपण आयुष्यभर म्हणत आलोय. बाजारात म्हणतो, एसटी स्टँडवर म्हणतो, सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात म्हणतो. घरी जाऊन पिऊ म्हणजे घरी जाऊन आपणच करू, आणि सगळ्यांना देऊन उरला तर पिऊ. रात्री साडेआठच्या नाटकाला निघायचं तर बाई सहा वाजता कुकर लावते, पोळ्या करून ठेवते, दही झाकून ठेवते, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते आणि मगच साडी नेसते. त्या सबंध संध्याकाळीत दुसऱ्याच्या हातचं, आयतं असं काही तिला मिळणार असेल, तर तो मध्यंतरातला वडा आणि अर्धा कप चहा. तोही रांगेत गेला तर उरलं काय?

थोडं मागे वळून बघू. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं, तिथून मराठी रंगभूमीचा इतिहास सांगायची पद्धत आहे. त्या इतिहासात कितीतरी काळ सीता, द्रौपदी, रुक्मिणी सगळ्या पुरुषच झाले. बालगंधर्वांच्या साड्यांची आणि अंबाड्यांची नक्कल घरोघरच्या बायकांनी केली, पण बाईने स्वतः रंगमंचावर उभं राहणं हे लोकांच्या पचनी पडायला पिढ्या गेल्या. प्रेक्षकांतही बायकांनी वेगळं बसायचं. तिथून आपण नवऱ्याशेजारच्या खुर्चीत आलो, मग मैत्रिणींबरोबर येऊ लागलो, आता भिशीच्या ग्रुपचं तिकीट एकदम काढतो. एवढा लांबचा रस्ता आलो. राहिलं आहे ते शेवटचं वळण : एकटीने यावं, आधी निवांत बसून काहीतरी खावं, आणि कुणी ‘बरोबर कोण आहे?’ असं विचारू नये.

हे स्वप्नरंजन नाही. अशा जागा आपल्याच राज्यात झाल्या आहेत. मुंबईत काळा घोडा भागातली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची. तिथे १९६४ मध्ये उषा खन्ना नावाच्या बाईंनी ‘सामोवार’ सुरू केलं. सामोवार म्हणजे चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं. जागा कसली, आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, अरुंद, आणि एका अंगाला शेजारच्या वस्तुसंग्रहालयाची हिरवीगार बाग. पुदिन्याचा चहा, खिमा सामोसे, सारण भरलेले पराठे, असला साधा बेत. हुसेनांसारखे चित्रकार तिथे बसायचे, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर खिशात जेमतेम पैसे असलेली कॉलेजची मुलंमुलीही बसायची.

मुंबईला गेले की मीही तिथे डोकावायची. चित्रातलं आपल्याला काय कळतं, अशी धाकधूक मनात घेऊन गॅलरीत शिरायचं. तिकीट नसतं, तरी पाय अडखळतात. चित्रं बघून झाली की सामोवारमध्ये एक चहा घेऊन बसायचं. मी एकटी, हातात पुस्तक, आणि तासभर झाला तरी बिल पुढे सरकवायला कुणी येत नसे. शेजारच्या टेबलावर दोघं मघाच्याच चित्राबद्दल भांडत असायचे. एकाला ते आवडलेलं, दुसऱ्याला अजिबात नाही. ते ऐकून मला हायसं वाटायचं. म्हणजे न आवडलं तरी चालतं तर! कलेच्या वास्तूत चहाची जागा असते ती यासाठी. चित्र बघताना आलेलं दडपण तिथे उतरतं, आणि तोंड उघडायची हिंमत होते.

एका बाईने उभी केलेली ही जागा पन्नास वर्षं चालली. पुढे जागेचा वाद कोर्टात गेला आणि मार्च २०१५ मध्ये सामोवार बंद झालं. शेवटच्या दिवसांत लोकांनी गर्दी केली, वर्तमानपत्रांनी पानं भरली. माझ्या मनात तेव्हा आलं, पन्नास वर्षं मुंबईकरांना हळहळायला एक सामोवार तरी होतं. आमच्या गावाला हळहळायलासुद्धा काही नाही.

दुसरं उदाहरण जुहूच्या पृथ्वी थिएटरचं. शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ मध्ये हे छोटं, दोनशे प्रेक्षकांचं थिएटर उभं केलं. तिथल्या झाडांखालच्या कॅफेतली ‘आयरिश कॉफी’ प्रसिद्ध आहे. नावावर जाऊ नका, त्यात दारूचा थेंब नसतो! नाटकाचं तिकीट नसलं तरी कॅफेत येऊन बसता येतं, आणि सोमवार सोडला तर जवळपास रोज प्रयोग असतो. मर्म इथेच आहे. रोज प्रयोग म्हणून रोज गिऱ्हाईक, आणि रोज लोक येऊन बसतात म्हणून त्यातले चार नाटकालाही वळतात.

आपल्या लहान गावांत घोडं अडतं ते नेमकं इथे. नगरपालिकेचं नाट्यगृह असतं. महिन्यात नाटकाचे प्रयोग दोन नाहीतर तीन. बाकी शाळांची गॅदरिंग, पुढाऱ्यांचे सत्कार. कॅन्टीनचा ठेका निघतो आणि जो सर्वांत जास्त भाडं देईल त्याला मिळतो. मग भाडं वसूल करायचं तर तो वडा महाग तरी करणार, नाहीतर लहान तरी. तेही परवडलं नाही की कुलूप लावून निघून जाणार. दोष नुसता त्याचा नाही. महिन्यात तीन दिवस चालणाऱ्या धंद्याचं तीस दिवसांचं भाडं कोण देईल?

म्हणूनच मला वाटतं, ही जागा भाडं मिळवण्यासाठी देऊच नये. गावातल्या महिला बचत गटाला ती नाममात्र भाड्याने द्यावी. आपले बचत गट काय करू शकतात हे मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात दिसतं. राज्यभरातून आलेल्या बायका तिथे शेकडो लोकांना गरमागरम जेवू घालतात, आणि हिशेबही चोख ठेवतात. केरळात कुटुंबश्रीच्या बायका ठिकठिकाणी उपाहारगृहं चालवतात. मग आपल्या नाट्यगृहात थालीपीठ, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा का मिळू नये? अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी, स्वच्छ पाणी आणि गॅसची सोय एवढं पालिकेने बघावं. रस्त्याच्या बाजूने एक दार उघडावं, म्हणजे प्रयोग नसेल त्या दिवशीही दुकान चालेल. भाजी घेऊन परतणारी बाई दहा मिनिटं टेकेल, क्लासला आलेल्या मुली बसतील. सोबत वाचनालयाची चार मासिकं ठेवली तर दुधात साखर.

आणि मध्यंतराची गर्दी? त्यालाही उपाय आहेत. लंडनच्या नाट्यगृहांत मध्यंतरात काय हवं ते नाटक सुरू होण्याआधीच सांगून ठेवायची पद्धत आहे. मध्यंतर झालं की आपलं सामान तयार. आपल्याकडे कूपन आधी विकायला काय हरकत आहे? किती वडे तळायचे याचा अंदाज येईल, सुट्ट्या पैशांची हुज्जत वाचेल. चहाला दोन खिडक्या कराव्यात. मध्यंतर पाच मिनिटं वाढवावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, नवं नाट्यगृह बांधताना किंवा जुन्याची डागडुजी करताना बायकांची स्वच्छतागृहं पुरुषांपेक्षा जास्त बांधावीत. दोन्हीकडे सारखी म्हणजे समान न्याय, असं कागदावर दिसतं. रांगेत उभं राहिलं की कळतं.

कुणी म्हणेल, नाटकाला जाता की खायला? हा प्रश्न बहुधा ज्याचा चहा पिऊन झालेला असतो तो विचारतो. दुसरं कुणी म्हणेल, प्रयोगच मिळत नाहीत, नाट्यगृहाचं छप्पर गळतंय, त्यात तुमचं कॅन्टीन कुठे घेऊन बसलात? छप्पर आधी दुरुस्त व्हायला हवं, यात वाद नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळातलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, तेव्हा सारं गाव रडलं, कारण ती वास्तू त्यांची होती. वास्तू आपली कधी वाटते? वर्षातून दोनदा तिकीट काढून अंधारात बसल्याने नाही. तिथे ऊठबस झाली, गप्पा झाल्या, चार घास खाल्ले, की वाटते. ज्या वास्तूत बायका रोज येऊन बसतात, तिचं छप्पर गळायला लागलं तर त्या गप्प बसणार नाहीत, हेही कारभाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा कॅन्टीनला कुलूप दिसलं तर ‘घरी जाऊन पिऊ’ म्हणू नका. व्यवस्थापकाच्या खोलीत तक्रारवही असते, ती मागा आणि लिहा. चौघीजणी असाल तर चौघींनी सह्या करा. आपल्या वॉर्डातून निवडून आलेली नगरसेविका हळदीकुंकवाला येईल, तेव्हा वाण घेता घेता तिच्याही कानावर घाला. आणि दुपारी नाटक असेल त्या दिवशी पाणी भरपूर प्या. सोय करणं त्यांचं काम आहे, तहान मारणं आपलं नाही.

तुमच्या गावच्या नाट्यगृहात चहा मिळतो का, बसायला बाक आहे का, आम्हाला जरूर कळवा.