आठवड्यातून दोनदा नाशिक कसं जमणार?

अंगावर कोड दिसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'आता लग्नाचं काय?' उपचाराचं काय, हे विचारणारा क्वचितच भेटतो. उपचार तर आहेत, आणि त्यातला एक चक्क प्रकाशाचा आहे.

तसं हे आपल्याला नवं नाही. बावची वापरून अंगावर ऊन घेणं आयुर्वेदाला जुनंच माहीत. बावचीतल्या सोरालेनमुळे त्वचा प्रकाशाला जास्त संवेदनशील होते. (म्हणून कुणाचं ऐकून बावचीचं तेल चोळून गच्चीवर बसू नका, फोड येतील.) आज बहुतेक ठिकाणी नॅरोबँड यूव्हीबी वापरतात, म्हणजे ३११ ते ३१३ नॅनोमीटरची अतिनील किरणं. नळ्या लावलेल्या कपाटासारख्या यंत्रात गॉगल घालून उभं राहायचं, काही सेकंद ते काही मिनिटं. सोरायसिसमध्ये भराभर वाढणाऱ्या पेशींचा वेग यामुळे मंदावतो. कोडात रंग परततो तो बहुतेकदा केसांच्या मुळांपासून. आधी बारीक ठिपके, मग ते एकमेकांना मिळतात. चेहरा लवकर दाद देतो. बोटांच्या टोकांवर केसच नाहीत, तिथले डाग हट्टी.

गोम पुढे आहे. एका खेपेत काही होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, तेही महिनोन् महिने जावं लागतं. कोडात तर सहा महिने झाल्याशिवाय निकाल लावू नये. आता येवल्याहून नाशिक ८० किलोमीटरच्या आसपास. एसटीने जाऊन-येऊन दिवस गेला. पैठणी विणणाऱ्याचा माग थांबला की मजुरी थांबते, कॉलेजात हजेरी जाते. मग माणूस दोन महिन्यांत सोडून देतो आणि घरचे म्हणतात, 'बघ, गुण आला नाही.' गुण यायला वेळच कुठे दिला?

म्हणून मागणी साधी आहे. असं यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हवा. त्वचारोगतज्ज्ञांनी ठराविक दिवशी येऊन तपासावं, डोस ठरवून द्यावा. रोज तज्ज्ञ नसले तरी चालेल, रोज यंत्र मात्र चालू हवं.

कोडावरचा 'नितळ' सिनेमा २००६ चा. इतकी वर्षं झाली, तरी कोड किंवा सोरायसिस शिवल्याने होत नाही हे अजून सांगावं लागतंच. तुमच्या वर्गात कुणी आठवड्यातून दोन दिवस गायब असेल, तर कारण खोदून विचारू नका. नोट्स तेवढ्या पाठवा.